बी.एस्सी. भौतिकशास्त्रानंतर एम.एस्सी. करावी की एकात्मिक पीएच.डी.?

प्रश्न (तृतीय वर्षाची विद्यार्थिनी, सांगली)
नमस्कार. फेब्रुवारीत होणाऱ्या जॅम (आयआयटी व इतर संस्थांतील एम.एस्सी.साठीची प्रवेशपरीक्षा) परीक्षेची तयारी मी जुलैपासून करत आहे. चांगले गुण मिळाल्यास आयआयटीत दोन वर्षांची एम.एस्सी. करावी, की बंगळुरूची आयआयएससी, मुंबईची टीआयएफआर किंवा पुण्याची आयसर या संशोधन संस्थांत एकात्मिक पीएच.डी.साठी (एम.एस्सी. व पीएच.डी. मिळून एकच अभ्यासक्रम) अर्ज करावा, हे ठरत नाही. घरच्यांचे म्हणणे असे की, आधी एम.एस्सी. हातात येऊ दे, पुढचे पुढे पाहू. मला संशोधनाची आवड आहे असे वाटते. मात्र संशोधन प्रत्यक्ष कसे चालते, हे मी अद्याप पाहिलेले नाही.

उत्तर १ (पीएच.डी.चे चौथे वर्ष)
तुमचे शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. एकात्मिक अभ्यासक्रमात पहिल्या वर्षापासून शिष्यवृत्ती मिळते आणि पीएच.डी.साठी पुन्हा वेगळी प्रवेशपरीक्षा द्यावी लागत नाही, ही सोय मोठी आहे. पण त्या बदल्यात विशीच्या आतबाहेर असतानाच पुढची सहा-सात वर्षे एका संस्थेला द्यावी लागतात. मधेच सोडल्यास एम.एस्सी. पदवी मिळते का, हे त्या त्या संस्थेच्या नियमावलीत स्वतः वाचा. ऐकीव माहितीवर विसंबू नका. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील भौतिकशास्त्र विभाग तुम्हाला जवळ आहे आणि तेथे थिन फिल्मवर (पदार्थांच्या अतिशय पातळ थरांवर) बरेच काम चालते. परवानगी काढून चार दिवस एखाद्या संशोधक विद्यार्थ्याच्या मागे हिंडा. उपकरण बिघडल्यावर तो दिवसभर काय करतो, ते पाहून तुम्हाला कंटाळा येतो की कुतूहल वाटते, एवढे कळले तरी पुष्कळ झाले.

उत्तर २
परीक्षेविषयी थोडेसे. जॅममध्ये तीन तासांत ६० प्रश्न आणि १०० गुण असतात. एकच पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नांत चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांच्या एकतृतीयांश गुण वजा होतात. एकाहून अधिक पर्याय बरोबर असलेल्या व संख्यात्मक उत्तराच्या प्रश्नांत गुण वजा होत नाहीत, त्यामुळे ते कोरे सोडू नयेत. स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही, पडद्यावरचाच वापरावा लागतो. त्याचा सराव आतापासून करा, कारण माझी पंधरा मिनिटे त्यातच गेली होती. टीआयएफआरची स्वतंत्र परीक्षा साधारणपणे डिसेंबरात होते, म्हणजे तिचा अर्ज जॅमच्या कितीतरी आधी भरावा लागतो.

प्रश्नकर्ती
आभार. शिफारसपत्रे मागितली, तर ती कोणाकडून घ्यावीत? विभागप्रमुख मला नावानेही ओळखत नाहीत.

उत्तर १
मग त्यांच्याकडून घेऊ नका. ज्या शिक्षकांनी तुम्हाला प्रयोगशाळेत काम करताना पाहिले आहे, त्यांचे पद लहान असले तरी त्यांच्याच पत्रात तुमच्याविषयी काही ठोस असेल. त्यांना निदान तीन आठवडे आधी कळवा आणि सोबत गुणपत्रिका व तुम्ही केलेल्या प्रकल्पाचे एक पान द्या.