मदत हवी आहे: दत्तक देण्याआधी नसबंदी करून घ्यावी, की अट घालून पिल्लू द्यावं? (नाशिक)

पाथर्डीफाटा

नमस्कार मंडळी,

इंदिरानगर-पाथर्डी फाटा भागातले आम्ही काही जण रस्त्यावरची जखमी, सोडून दिलेली कुत्री सांभाळतो आणि बरी झाली की त्यांना घर शोधून देतो. संस्था वगैरे नाही. कुणाची गच्ची, कुणाचं पार्किंग आणि औषधांसाठी वर्गणी, एवढाच कारभार. सध्या एका मुद्द्यावरून आमच्यातच दोन तट पडलेत, म्हणून हा धागा.

आमच्याकडे एक लॅब्रॅडॉर मादी आहे, अंदाजे चार वर्षांची. अंबड एमआयडीसीत एका बंद शेडबाहेर बांधलेली सापडली. सड लोंबलेत, म्हणजे पिल्लं विकण्यासाठी वापरून झाल्यावर सोडलेली दिसते. शिवाय अडीच-तीन महिन्यांची तीन गावठी पिल्लं, तिन्ही माद्या.

लॅबसाठी फोन भरपूर येतात. पण बोलता बोलता प्रश्न येतोच, "ऑपरेशन झालेलं नाही ना?" एक गृहस्थ तर स्पष्टच म्हणाले, एक वेत घेऊ, पिल्लं विकू, मग टाकू करून. गावठी पिल्लांचं उलट. मादी म्हटलं की लोक मागे सरतात, नाहीतर "ऑपरेशन करूनच द्या, आम्हाला ती झंझट नको" म्हणतात. जातीची हवी ती न केलेली, गावठी हवी ती केलेली!

आमच्यातल्या एका तटाचं म्हणणं, नसबंदी झाल्याशिवाय कुत्रं दारातून बाहेर जाऊ द्यायचं नाही. दुसरा तट विचारतो, तोवर पिल्लं ठेवायची कुठे? तीन महिन्यांचं गोंडस पिल्लू लगेच जातं, आठ महिन्यांचं लांब पायांचं कुणी घेत नाही. जागा अडली की पुढचं जखमी कुत्रं परत पाठवावं लागतं.

अट घालून देण्याचा अनुभव असा: फॉर्मवर सही होते, वेळ आली की "घरी लग्न आहे", "दिवाळीनंतर बघू", मग फोनच उचलत नाहीत. मखमलाबादकडे दिलेली एक मादी अशीच गाभण राहिली आणि तिची पिल्लं घ्या म्हणून आम्हालाच निरोप आला.

तर लहान पिल्लांचं ऑपरेशन करून देणं सुरक्षित आहे का? आणि अट पाळली जाईल असा काही मार्ग कुणाला सापडलाय का?

द्राक्षवेल

दिंडोरीकडून लिहितोय. मळ्यावर राखणीला कुत्रं लागतंच, आणि "नसबंदी केली की कुत्रं मऊ पडतं" हे इथे प्रत्येक जण सांगेल. माझी दोन्ही केलेली आहेत. भुंकणं तसूभर कमी झालेलं नाही. उलट नर पूर्वी माजावर आलेल्या कुत्रीमागे दोन-दोन दिवस गायब व्हायचा, आता मळा सोडत नाही. मळ्यावर कुत्रं देणार असाल तर नसबंदीपेक्षा एकच विचारा, रात्री जाळीच्या खोलीत ठेवणार का? बिबट्याला ऑपरेशन झालेलं, न झालेलं सगळं सारखंच.

जुनानाशिककर

माझं मत वेगळं आहे. निसर्गाने दिलंय ते कापून टाकायचं कशाला? मादीला एकदा तरी आई होऊ द्यावं, मग ती शांत होते.

सुईदोरा

मी पशुवैद्य आहे. जुनानाशिककर, एकदा वेत झाल्याने कुत्रीच्या तब्येतीला किंवा स्वभावाला फायदा होतो, याला वैद्यकीय आधार नाही. न केलेल्या माद्यांना वय वाढलं की गर्भाशयात पू होतो (पायोमेट्रा), तेव्हा तेच ऑपरेशन आजारी शरीरावर रात्री-अपरात्री करावं लागतं. रस्त्यावरच्या कुत्र्यांत संगातून पसरणारी कर्करोगाची गाठही दिसते. स्तनांच्या गाठींबाबत मात्र जपून बोलतो: पहिल्या माजाआधी नसबंदी केली तर धोका बराच कमी होतो असं जुने अभ्यास सांगतात, पण नंतरच्या आढाव्यात तो पुरावा तितका भक्कम ठरला नाही.

पाथर्डीफाटा, तुमचे दोन प्रश्न वेगळे काढा. लॅबचं ऑपरेशन करूनच द्या, यात चर्चेला जागा नाही. पण आधी रक्त तपासा. अशा कुत्र्यांत गोचीडताप सर्रास असतो, प्लेटलेट उतरलेल्या असतात आणि टेबलावर रक्त थांबत नाही. गाभण नाही ना, ते सोनोग्राफीत बघा. नुकती माजावर येऊन गेली असेल तर दोन-तीन महिने थांबलेलं बरं, तेव्हा गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात. ते "एक वेत" वाले गृहस्थ पुन्हा आले तर सांगा, २०१७ च्या केंद्राच्या नियमांनुसार पिल्लं विकण्यासाठी ब्रीडिंग करायला राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते.

पिल्लांचं ऑपरेशन दोन-तीन महिन्यांतही होतं, अमेरिकेतले शेल्टर कित्येक वर्षं करतायत. पण उपाशी फार वेळ ठेवता येत नाही, साखर उतरते. अंग गार पडतं. भूल देणारा हात सरावाचा लागतो. तुमच्या डॉक्टरांना सवय नसेल तर आग्रह धरू नका. मोठ्या जातींत वर्षाच्या आत केल्यास सांध्यांचा त्रास वाढतो असं कॅलिफोर्नियातल्या अभ्यासांत दिसलंय. संकर कुत्र्यांत तो मुख्यतः वीस किलोच्या वरच्यांत होता. गावठी मादी बहुतेक त्याच्या आत राहते. काही माद्यांना पुढे लघवीवर ताबा न राहण्याचा त्रास होतो, त्यावर औषध आहे. मी पाचव्या-सहाव्या महिन्यात, पहिल्या माजाच्या आत करतो. आता आधी लस द्या. पार्किंगमध्ये पार्वो (पिल्लांचा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार) शिरला तर बाकी सगळे वाद राहतील बाजूला.

कोथरूडची

पुण्यात आम्ही फॉर्म घेणंच बंद केलं. पिल्लू दत्तक देतच नाही, "सांभाळायला" देतो. लसीचं कार्ड आमच्या नावावर, दवाखाना आमचा. पाचव्या महिन्याची तारीख कार्डावर पहिल्याच दिवशी लिहून ठेवतो, ऑपरेशनचे पैसे अनामत घेतो, म्हणजे ऐन वेळी खर्चाची सबब उरत नाही. टाके निघाल्यावर कार्ड त्यांच्या नावावर. काही लोक हे ऐकूनच जातात. जाऊ द्या.

आणि फोन आपण करायचा नाही, दवाखान्यातून जाऊ द्यायचा. "डॉक्टरांनी बोलावलंय" म्हटलं की आपली माणसं येतात.

पाथर्डीफाटा

सुईदोरा, कोथरूडची, मनापासून आभार. दुसऱ्या तटालाही "सांभाळायला" पटलंय. अनामतीवर अजून कुरबूर आहे, कारण गावठी पिल्लू न्यायला पैसे कोण भरणार. त्यांना मी म्हटलं, जो तेवढे भरत नाही तो लसही देणार नाही. वर्गणीतून निम्मे घालायचे ठरतंय.

लॅबचं रक्त उद्या देतोय. आता जागेची अडचण: ऑपरेशननंतर टाके निघेपर्यंत दहा-बारा दिवस तिला जिना चढू द्यायचा नाही आणि पिल्लांपासून लांब ठेवायचंय. माझं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. नाशिकरोड, देवळाली कॅम्प, सिडको, कुठेही तळमजल्यावर एक खोली कुणी देईल का? खाणं, औषधं, ड्रेसिंग आमच्याकडे. घरात दुसरं कुत्रं नसावं. मांजर चालेल, ही मांजरांना घाबरून लांबच राहते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.