वेस्टर्न (म्हणजे काऊबॉयवाले) सिनेमे बघायला सुरुवात कुठून करावी? (आणि एवढे हळू का असतात??)

रविवारचा_आळशी

नमस्कार मंडळी, बरेच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

ऑफिसमधला एक जण वर्षभर डोकं खातोय की तू 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' बघितला नाहीस तर मला सिनेमाची आवड आहे असं कुणाला सांगू नकोस. म्हणून शनिवारी रात्री लावला एकदाचा. मी, बायको आणि परातभर भेळ. सुरुवातीला तीन दांडगट एका ओसाड स्टेशनवर येऊन बसतात. बसतात म्हणजे बसतातच. एकाच्या तोंडावर माशी बसते, दुसऱ्याच्या टोपीवर वरून पाणी ठिबकतं, तिसरा नुसता बोटं मोडतो आणि मागे कुठेतरी ती पवनचक्की कुईं कुईं करत राहते. डायलॉग नाही, काही नाही. भेळ संपली तरी यांची गाडी येईना. बायको म्हणाली हे मला कर्जतला रोज बघायला मिळतं, आणि झोपायला गेली.

मी मात्र पावणेतीन तास पूर्ण बघितला. मधे दोनदा मोबाईल हातात घेतला हे कबूल करतो. पण शेवटी तो माऊथऑर्गनवाला का मागे लागलाय ते कळलं ना, तेव्हा अंगावर काटा आला, दीड वाजेपर्यंत झोपच नाही. म्हणजे आवडला की नाही तेच कळत नाहीये मला.

तर प्रश्न असा की हे सगळे असेच असतात का, चुकीच्या टोकाने सुरुवात केली का, आणि माझ्या प्रिंटमध्ये काही जणांचे ओठ आणि आवाज जुळतच नव्हते तो प्रिंटचा दोष का? बाबांना विचारलं तर ते म्हणतात वेस्टर्न म्हणजे 'मॅकेनाज गोल्ड', बाकी सगळं उगीच.

---

तिसरी_घंटा

अरे तू थेट शेवटच्या पेपरला जाऊन बसलास, अभ्यास न करता! दिग्दर्शक सर्जिओ लिओनेचा तो १९६८चा सिनेमा म्हणजे त्याआधीच्या सगळ्या वेस्टर्नची गोळाबेरीज आहे, आधीचे बघितले नसतील तर अर्धी मजा हुकते.

ओठांचं आधी सांगतो. प्रिंट ठीक आहे तुझी. त्या काळी इटलीत शूटिंगच्या वेळी आवाज रेकॉर्डच करायचे नाहीत, सगळं नंतर डब. सेटवर अमेरिकन नट इंग्रजीत बोलतोय, समोरचा इटालियनमध्ये, तिसरा स्पॅनिशमध्ये, आणि सगळे एकमेकांना समजल्यासारखं करतायत. त्यामुळे कुठल्याही भाषेत बघ, कुणाचे ना कुणाचे ओठ चुकणारच. यांना स्पॅगेटी वेस्टर्न म्हणतात ते बनवणारे इटालियन म्हणून (आमच्या आजीच्या भाषेत शेवयांचे सिनेमे), पण बरंचसं शूटिंग स्पेनमध्ये, अल्मेरियाच्या वाळवंटात.

सुरुवात लिओनेच्याच डॉलर ट्रिलजीपासून कर, तिन्हींत क्लिंट ईस्टवुड. 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' १९६४, मग 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर' ६५, मग 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' ६६. पहिला तर सरळसरळ जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या 'योजिंबो'वरून उचललाय, जपानी कंपनीने दावा ठोकला आणि शेवटी जगभरातल्या कमाईतले १५ टक्के देऊन प्रकरण मिटवलं. या भानगडीमुळे तो अमेरिकेत लागायला ६७ उजाडलं. तिसरा मात्र अस्सल. त्यातला पूल उडवायचा सीन आहे ना, तो खराखुरा पूल स्पॅनिश सैन्याकडून बांधून घेतला होता आणि कॅमेरे चालू व्हायच्या आधीच चुकून उडवला!! मग त्याच लोकांनी परत बांधला आणि परत उडवला. शेवटची ती गोल दफनभूमी पण सैनिकांनीच उभारलेली, बुर्गोस जवळ. मधली पन्नासेक वर्षं गवताखाली गेली होती, मग चाहत्यांनी कुदळफावडी घेऊन स्वतः उकरून काढली.

आणि हळू का, तर लिओनेला गोळीबारात रसच नाही. गोळीबार दोन सेकंदाचा. त्याच्या आधीची पाच मिनिटं हा त्याचा खरा सिनेमा. संगीतकार मोरिकोनेने तुझ्या सिनेमाचं संगीत शूटिंगच्या आधी करून ठेवलं होतं आणि ते सेटवर वाजवून नटांना चालायला लावायचे. म्हणून ती माणसं ठेक्यात चालल्यासारखी वाटतात. एकदा डोळे मिटून ऐक फक्त.

---

कोरडी_विहीर

तिसरी_घंटा यांच्याशी असहमत. म्हणजे लिओने ग्रेटच, पण नवख्या माणसाला सहा-सात तासांची ट्रिलजी सांगणं म्हणजे पोहायला शिकायला आलेल्याला समुद्रात ढकलणं.

माझं मत, 'हाय नून' बघ. १९५२, ब्लॅक अँड व्हाइट, फक्त ८५ मिनिटं. गावचा मार्शल, त्याच दिवशी लग्न झालंय, बॅज खाली ठेवून बायकोबरोबर निघालाय, आणि बातमी येते की त्याने आत टाकलेला गुंड सुटलाय आणि बाराच्या गाडीने येतोय. साडेदहाच्या पुढचं घड्याळ आहे. सिनेमातला वेळ आणि तुमचा वेळ जवळपास एकत्रच सरकतो. मार्शल गावभर फिरतो माणसं गोळा करायला. जज सामान बांधून पळतो, एक मित्र घरात असून बायकोला सांगतो सांग मी नाहीये म्हणून, चर्चमध्ये मोठी चर्चा होते आणि सगळे मिळून ठरवतात की त्यानेच गाव सोडावं, म्हणजे कटकट नको. सोसायटीच्या मीटिंगला गेला असाल तर हा चर्चचा सीन तुम्हाला तोंडपाठ असल्यासारखा वाटेल. आमच्याकडे पाण्याच्या टँकरवरून अगदी असंच झालं होतं, सगळ्यांचा पाठिंबा होता, सही कुणाचीच नव्हती.

आणि हे उगीच सुचलेलं नाही. लेखक कार्ल फोरमन, त्याला सिनेमा चालू असतानाच कम्युनिस्ट असल्याच्या चौकशीला बोलावलं, त्याने नावं सांगितली नाहीत, हॉलिवुडच्या काळ्या यादीत गेला (म्हणजे काम बंद), इंग्लंडला निघून गेला. त्याचे स्वतःचे मित्र कसे पाठ फिरवतायत तेच त्याने लिहिलंय. वेस्टर्नचा मोठा हिरो जॉन वेन, त्याला या सिनेमाचा इतका राग की त्याने आणि दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सने १९५९ला 'रिओ ब्राव्हो' काढला उत्तर म्हणून. गंमत म्हणजे मार्शल झालेल्या गॅरी कूपरला 'हाय नून'साठी ऑस्कर मिळालं तेव्हा तो हजर नव्हता, आणि त्याच्या वतीने स्टेजवर जाऊन ते घेतलं कुणी तर याच जॉन वेनने 😄

आता तुमच्या माशीचं. 'हाय नून'मध्ये सुरुवातीपासून तीन गुंड स्टेशनवर गाडीची वाट बघत बसलेत. लिओनेचे ते तिघे तिथून आलेत. फक्त त्याने तेवढाच तुकडा घेतला आणि ताणला. म्हणून आधी हा बघा, मग परत तो लावा, माशी चावणार नाही.

---

बाल्कनीवाले_काका

तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. समवयस्क दिसतात.

तुम्ही मंडळी अभ्यासू आहात, आम्ही नुसते बघे. 'मॅकेनाज गोल्ड' १९६९चा, आमच्या तालुक्याच्या टॉकीजला आला तोवर बराच घासला गेला होता, पडद्यावर पाऊस पडायचा. इंग्रजी एक अक्षर कळत नव्हतं. कळायची गरजही नव्हती. नकाशा जाळून टाकलाय, तो फक्त ग्रेगरी पेकच्या डोक्यात आहे, आणि ओमर शरीफ त्याला धरून नेतोय सोन्याच्या दरीकडे. सकाळी ऊन वर यायला लागतं आणि त्या उंच सुळक्याची सावली लांब लांब होत जाते, जमिनीवरून सरपटत जाते, त्या टोकाकडे दरीची वाट. तेव्हा टॉकीजमध्ये शेंगदाणे खायचा आवाजसुद्धा बंद. आमच्याकडे ऑपरेटर डोहातल्या आंघोळीचा सीन कापायचा, आणि पब्लिक शिट्ट्या मारून परत लावायला लावायचं, तो बिचारा खरंच परत लावायचा. एकाच तिकिटात दोनदा.

अमेरिकेत हा सिनेमा पडला म्हणे, इथे मात्र परत परत लागायचा, दर वेळी गर्दी. मला वाटतं आपल्याला त्यातली काऊबॉयगिरी नाही आवडली, गुप्तधन आवडलं. हंडा, नकाशा, राखण करणारे आत्मे आणि शेवटी सगळं गडप. ही तर आमच्या आजोळची गोष्ट. घोड्याच्या खोगिरातल्या पिशव्यांत सोनं राहून गेलं हे पेकला माहीत नसतं आणि आपल्याला माहीत असतं, हे अजून आठवलं तरी हसू येतं.

---

फिनिक्सकर

काका, तो सुळका इथे ॲरिझोनात आहे, कॅन्यन डी शेमध्ये, स्पायडर रॉक म्हणतात. मी वरून बघितलाय. सावलीच्या मागे गेलो नाही, बायको-पोरं गाडीत होती.

बारा वर्षं ॲरिझोनात आहे म्हणून थोडं वेगळं लिहितो, राग मानू नका. मॉन्युमेंट व्हॅलीला आई-बाबा आले होते तेव्हा गेलो. ती जागा नावाहो या रेड इंडियन जमातीची, त्यांच्याच पार्कचं तिकीट काढायचं, आत सतरा मैलांचा कच्चा रस्ता, लाल माती अशी की आई म्हणाली महाबळेश्वरच्या घाटासारखी आहे रे. तिथे एका कड्याला जॉन फोर्ड पॉइंट नाव आहे. दिग्दर्शक जॉन फोर्डने १९३९चा 'स्टेजकोच' तिथे काढला आणि मग परत परत येत राहिला. मंदीच्या काळात तिथला दुकानदार गोल्डिंग स्वतः फोटो घेऊन हॉलिवुडला गेला होता, इथे सिनेमे काढा म्हणजे लोकांना चार पैसे मिळतील म्हणून. ते खरंच मिळाले.

पण फोर्डचाच, जॉन वेन हिरो असलेला 'द सर्चर्स' (१९५६) सगळे जगातला थोर सिनेमा म्हणतात, मी घरी येऊन परत बघितला आणि मला त्रास झाला. गोष्ट टेक्ससमधली. टेक्ससमध्ये असले डोंगर औषधाला नाहीत. पडद्यावर कोमांचे जमातीचे म्हणून फिरतायत ते नावाहो, बोलतायत नावाहो भाषा. आणि त्यांचा सरदार स्कार, ज्याला बोलायला वाक्यं आहेत, तो आहे हेन्री ब्रँडन, जन्म बर्लिनचा, निळ्या डोळ्यांचा! म्हणजे गर्दीला खरे रेड इंडियन आणि रोलला गोरा. आमचा तिथला गाईड नावाहो होता, त्याला विचारलं तुम्ही बघता का हे सिनेमे, तर म्हणाला आजोबा ज्यात होते ते बघतो, मागच्या रांगेत डावीकडून तिसरा घोडा. एवढंच बोलला आणि गाडी पुढे घेतली.

बघू नका असं म्हणत नाहीये. तो शेवटचा दरवाजा, वेन बाहेर उभा, हाताने दुसऱ्या हाताचं कोपर धरून, आणि दार बंद होतं, तो शॉट मला पण तोडतो. फक्त आधी हे माहीत असू दे.

---

तिसरी_घंटा

@फिनिक्सकर मुद्दा मान्य, पण 'सर्चर्स'मध्ये फोर्ड वेनच्या बाजूने नाहीये ना. तो माणूस रेड इंडियनांच्या द्वेषाने सडलाय हेच दाखवलंय. म्हणूनच तर दार त्याच्यासाठी बंद होतं.

---

फिनिक्सकर

हो पण ते कळायला स्कारच्या घरात काय चाललंय ते कुठे दाखवलंय? दार फक्त गोऱ्यांच्या घराचंच आहे सिनेमात. असो, यावर वेगळा धागा काढू, हा बिचाऱ्या आळशीचा आहे.

---

चहा_बशीत

वाचनखूण साठवली. कुणी 'शोले' म्हणत नाही म्हणून मीच म्हणते. आळशी, तुम्ही बघितलेल्या सिनेमात हेन्री फोंडा कुटुंब मारतो, शेवटी लहान मुलगा उरतो, गोळी, आणि लगेच आगगाडी. आता ठाकूरच्या घरचा सीन आठवा. गब्बर, नातू, गोळी, आगगाडी. १९७५, रामनगर, कर्नाटक. चोरी म्हणा नाहीतर दाद म्हणा, पण झोपाळ्याची ती करकर आपली आहे.

आणि फोंडाबद्दल, तो आयुष्यभर सज्जन माणसाचे रोल केलेला. खलनायक करायचा म्हणून तपकिरी लेन्स आणि मिशा लावून सेटवर आला, लिओनेने सगळं काढायला लावलं. त्याला तेच निळे प्रेमळ डोळे हवे होते, मुलाकडे बघून हसणारे.

---

कोरडी_विहीर

+१. आणि 'अनफरगिव्हन' (१९९२) सगळ्यात शेवटी ठेवा प्लीज, कुणी कितीही सांगितलं तरी आधी बघू नका. ईस्टवुड डुकरं पाळतोय, चिखलात पडतोय, घोड्यावर चढता येत नाही, पिस्तुलाने डबा मारता येत नाही म्हणून आत जाऊन बंदूक आणतो. डॉलर ट्रिलजीतला तरुणपणचा पोंचोवाला ईस्टवुड डोक्यात असेल तरच हे पोटात लागतं. शेवटी 'सर्जिओ आणि डॉन'ला अर्पण केलाय, म्हणजे लिओने आणि दिग्दर्शक डॉन सीगल.

---

रविवारचा_आळशी

बाप रे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांना धन्यवाद.

काल 'हाय नून' लावला. बाबांना जबरदस्तीने बसवलं, ते पेपर घेऊन बसले होते की बोअर झालं तर वाचेन. पहिल्या दहा मिनिटांत पेपर खाली. चर्चचा सीन आला तेव्हा म्हणाले हे आमच्या बँकेच्या संपात झालं होतं, आणि पुढे काही बोलले नाहीत. बायको पूर्ण जागी!! मार्शलची बायको ग्रेस केली खिडकीतून गोळी झाडते तेव्हा टाळी वाजवली तिने.

आणि कोरडी_विहीर ताई, तुम्ही एक सांगितलं नाहीत. त्या स्टेशनवरच्या तिघांतला एक जण माऊथऑर्गन वाजवत बसलाय! मी सोफ्यावरून उठलोच. नंतर शोधलं तर तो ली व्हॅन क्लीफ, पहिलाच सिनेमा, एक वाक्य नाही तोंडी, आणि हाच पुढे लिओनेचा 'बॅड'. लगेच 'वन्स अपॉन अ टाइम' परत लावला, फक्त सुरुवात. यावेळी पाणी ठिबकणारी टोपी, ती माशी, सगळं गाडी येईपर्यंत बघितलं, बायको पण होती. ती म्हणते तरी कर्जतपेक्षा लवकर आली.

बाबा विचारतायत गॅरी कूपर अजून कशात आहे. नावं टाका पटापट, पुढच्या शनिवारी रिमोट त्यांच्या हातात आहे.