हुआ तुओ खरा होता का? आणि 1800 वर्षांपूर्वी भूल?

निशाचर_77: तीन राज्यांच्या काळावरची एक चिनी मालिका बघतोय. सेनापती ग्वान यूच्या दंडात विषारी बाण घुसतो, वैद्य हुआ तुओ हाडापर्यंत चिरून विष खरवडतो, आणि हा पठ्ठ्या तेवढ्यात पटावर सोंगट्या खेळतोय! हाच वैद्य म्हणे जगातला पहिला भूलतज्ज्ञ. मग इथे भूल का नाही दिली? कुणाला माहिती आहे का?

खवट_काका: दिली असती तर पुढचा एपिसोड कोण बघणार?

भूलवाला_डॉक: आपला धंदाच भूल देण्याचा, त्यामुळे लिहितो. माणूस खरा. आजच्या आन्ह्वी प्रांतातल्या बोझोऊचा. तिसऱ्या शतकातल्या छन शोऊच्या इतिहासात त्याचं चरित्र आहे. हाड खरवडण्याचा किस्सा मात्र त्याच्या नावावर तीन राज्यांवरच्या जुन्या चिनी कादंबरीने चढवला. इतिहासात तिथे नुसता 'वैद्य' आहे, नाव नाही. शिवाय कादंबरीत तो प्रसंग 219 सालचा, आणि हुआ तुओ 208 पर्यंत गेलेलाच होता.

भुलीचं वर्णन चरित्रात आहे. दारूतून 'माफेइसान' पाजायचं, पेशंट मेल्यासारखा पडला की पोट उघडायचं, आतडी धुऊन शिवायची, वर मलम. चार-पाच दिवसांत दुखणं थांबतं, महिन्यात माणूस बरा. हे वाचून माझ्या पोटात गोळा येतो! तोंडाने दिलेलं औषध जास्त झालं तर परत कसं घेणार? श्वास मंदावला तर ट्यूब नाही, ऑक्सिजन नाही. सगळं जसंच्या तसं घडलं असेल, असं मी म्हणणार नाही. त्यात काय घालायचे, तेही कुठे लिहून राहिलेलं नाही.

जपानचा वैद्य हानाओका सेइशू याच गोष्टीने पछाडलेला. त्याने धोतरा आणि बचनाग धरून काढा बसवला आणि 1804 मध्ये पूर्ण भुलीत स्तनाची गाठ काढली. बोस्टनचं ईथर त्यानंतर, 1846 चं. पण प्रयोगांत बायकोची दृष्टी गेली, असं सांगतात. धोतरा आपल्या उकिरड्यावरही उगवतो, म्हणून आधीच सांगतो: कुणी घरी काही उकळू नका.

निशाचर_77: धन्यवाद डॉक. पण कृती हरवली कशी?

भूलवाला_डॉक: त्या काळचा चीनमधला बडा सत्ताधीश त्साओ त्साओ, त्याच्यामुळे. गावही त्याचं आणि हुआ तुओचं एकच. त्याचं डोकं दुखायचं, हुआ तुओने सुई टोचली की थांबायचं. साहेबांना वैद्य कायम दाराशी हवा. हुआ तुओ घरी गेला आणि बायको आजारी आहे म्हणत परतेना. चौकशीत थाप उघडी पडली, तुरुंगात टाकलं. शुन यू या सल्लागाराने रदबदली केली, तरी मारलंच. मरण्याआधी त्याने तुरुंगाच्या शिपायाला आपलं पुस्तक देऊ केलं. शिपाई कायद्याला घाबरला, घेईना. याने आग्रह केला नाही, विस्तव मागितला आणि जाळलं. पुढे त्साओ त्साओचा लाडका लेक आजारी पडून गेला, तेव्हा त्याला हुआ तुओ आठवला.

पहाटफेरी_ताई: आमच्या ताई-चीच्या बाई वाघ, हरीण, अस्वल, माकड, पक्षी यांच्या हालचालींची नक्कल करायचे व्यायाम करून घेतात. तेही याचंच ना?

भूलवाला_डॉक: हो ताई, चरित्रात आहे ते. त्याचा शिष्य वू फू हेच करत नव्वदीपार गेला. दात शाबूत, असं लिहिलंय.

खवट_काका: माझे साठीतच गेले. अस्वलापासून सुरुवात करतो.