'लाइन' या एका शब्दाचे तुमच्या घरात कोणकोणते अर्थ आहेत?

कसाऱ्याची लेक

गेल्या रविवारी अमेरिकेतल्या नातवाशी फोनवर बोलताना मी सहज म्हणाले, "तुझे पणजोबा रोज पहाटे पाच वाजता लाइनवर जायचे." तो नऊ वर्षांचा आहे आणि घरी मराठीच बोलतो. त्याने अगदी गंभीरपणे विचारले, "रोज एवढ्या पहाटे ते रांगेत कशासाठी उभे राहायचे?" त्याचे काही चुकले नव्हते, कारण त्याच्या शाळेत लाइन म्हणजे रांगच. पण त्या प्रश्नाने मला पन्नास वर्षे मागे नेले.

माझे वडील थळ घाटात, कसारा आणि इगतपुरी यांच्या दरम्यान, रेल्वेत की-मन होते. रूळ जागच्या जागी घट्ट धरून ठेवणाऱ्या चाव्या तपासायच्या आणि सैल झालेली चावी हातोड्याने ठोकून बसवायची, हे त्यांचे काम. म्हणून वस्तीत त्यांना 'चावीवाले' म्हणत. खांद्याला पाना आणि हातोडा, पिशवीत लाल-हिरवे झेंडे आणि धोक्याच्या वेळी रुळावर लावायचे फटाके, असे सगळे घेऊन ते आपल्या वाट्याची लाइन रोज पायी तपासत. या घाटात दर ३७ फुटांना १ फूट इतका चढ आहे, आणि कसाऱ्याहून वर चढणाऱ्या गाड्यांना मागून जोर देण्यासाठी बँकर इंजिने जोडावी लागतात. पावसाळ्यात दरडींची भीती असे. रात्री पाऊस वाढला की आई दाराशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारी, "लाइनवर सगळं ठीक आहे ना?" आमच्या घरात लाइन म्हणजे वडील जिथे असत ती जागा. रूळ, खडी, बोगदा, पाऊस हे सगळे त्या एका शब्दात यायचे.

नातवाला हे समजावताना माझ्या लक्षात आले, की हाच शब्द दुसऱ्यांच्या घरी अगदी निराळ्या अर्थाने रुजलेला असणार. तुमच्या घरात लाइन म्हणजे काय, आणि तो अर्थ तुमच्यापर्यंत कसा पोहोचला, ते कृपया सविस्तर लिहा.

एकेरी मार्ग

ताई, आपल्या वडिलांसारख्या माणसांच्या भरवशावर आम्ही स्थानकात बसून गाड्या सोडत असू. मी निवृत्त स्टेशन मास्तर आहे. माझ्या नोकरीची पहिली काही वर्षे एकेरी मार्गावरच्या एका लहानशा स्थानकात गेली. तिथे पुढच्या स्थानकाकडून 'लाइन क्लियर' मिळाल्याखेरीज गाडी सोडता येत नसे. दोन्ही स्थानकांतली यंत्रे एकमेकांना जोडलेली असत, आणि पलीकडच्या मास्तरांनी संमती दिली तरच आमच्या यंत्रातून धातूचा गोळा बाहेर पडे. तो गोळा चालकाच्या हाती गेला की ती गाडी पुढच्या स्थानकात पोहोचेपर्यंत त्या टप्प्यावर दुसरी गाडी येऊ शकत नाही, ही खात्री. यंत्र बिघडले, तर लेखी लाइन क्लियर द्यावी लागे. तो कागद लिहिताना माझा हात कधीही घाईत चालला नाही.

लोक आज लग्नाच्या बोलण्यांत सर्रास "आता लाइन क्लियर आहे" असे म्हणतात. त्यात गैर काही नाही. पण माझ्या कानांना त्या शब्दांमागे अजूनही दोन माणसे ऐकू येतात, आठ-दहा किलोमीटरांवरून एकमेकांना वचन देणारी.

सेलूची सून

मी वर्धा जिल्ह्यातली. आमच्याकडे लाइन म्हणजे वीज. "लाइन गेली", "लाइन आली", "आज दिवसभर लाइन नाही" असेच आम्ही बोलतो. लग्नाआधी मी शिकायला पुण्यात होते, तेव्हा वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात मी "लाइन गेली" म्हणाले आणि खोलीतल्या मुलीने फोन उचलून कानाला लावून पाहिला. तिच्याकडे "लाइट गेली" म्हणत असत.

पुढे माझे लग्न लाइनमनशीच झाले. तेव्हापासून या शब्दाचा अर्थ माझ्यापुरता फार वेगळा झाला आहे. बिघाड झाला की आधी परमिट घेऊन ११ केव्हीची लाइन बंद करायची, ती खरोखर मृत आहे का ते तपासायचे, दोन्ही बाजूंना अर्थिंग करायचे आणि मगच खांबावर चढायचे, हा क्रम मला आता पाठ आहे. गावात अंधार असतो तेव्हा लोक चिडलेले असतात, आणि ते मी समजू शकते. पण "लाइन आली" असा सगळीकडून गलका होतो, तेव्हा माझ्यासाठी त्याचा अर्थ एवढाच असतो, की हे खांबावरून सुखरूप खाली उतरले आहेत.

कसाऱ्याची लेक

सेलूच्या ताई, माझी आईही गाडीची शिट्टी ऐकून असेच समजून घेत असे. गाडी नेहमीच्या वेगाने पुढे गेली, म्हणजे वडिलांनी कुठे लाल झेंडा दाखवलेला नाही.

रात्रपाळी

मी मुंबईत परिचारिका आहे. आमच्या वॉर्डात लाइन म्हणजे शिरेत घातलेली सलाइनची नळी. "तीन नंबरची लाइन लावली का?" हे वाक्य आम्ही दिवसातून पन्नास वेळा बोलत असू. करोनाच्या काळात, २०२१ च्या उन्हाळ्यात, आमच्याकडे नागपूरकडचे एक आजोबा दाखल होते आणि त्यांना यंत्राने प्राणवायू सुरू होता. एका रात्री मी सहकारिणीला मोठ्याने सांगितले, "चार नंबरची लाइन गेली, नवीन घ्यावी लागेल." त्यांच्या हाताची नळी बंद पडली होती, एवढेच मला म्हणायचे होते. आजोबांनी दोन्ही हातांनी तोंडावरचा मुखवटा दाबून धरला आणि ते थरथरू लागले. वीज गेली, आता आपले यंत्र बंद पडणार, असे त्यांना वाटले होते.

मी संरक्षक पोशाखात होते, माझा चेहराही त्यांना दिसत नव्हता. वीस मिनिटे मी त्यांचा हात धरून बसले आणि यंत्रावरचा हिरवा दिवा त्यांना पुन्हा पुन्हा दाखवत राहिले. आजोबा बरे होऊन घरी गेले. तेव्हापासून रुग्णाजवळ मी 'हातातली सुई' किंवा 'सलाइनची नळी' असेच म्हणते आणि नवीन मुलींनाही तसेच शिकवते.

दुसरा प्रसंग क्षयरोगाच्या औषधांचा आहे. एका तरुण रुग्णाला डॉक्टरांनी "तुम्हाला फर्स्ट लाइनची औषधं सुरू करतो" असे सांगितले. पहिल्या रांगेत उभे राहायला लवकर यावे लागेल असे समजून तो दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून दवाखान्याच्या दारात बसून होता. क्षयाच्या जंतूंवर जी औषधे सर्वांत आधी वापरतात, म्हणजे रिफाम्पिसिन, आयसोनियाझिड वगैरे, त्यांना फर्स्ट लाइन म्हणतात, हे त्याला कुणीतरी नीट समजावून सांगायला हवे होते. आजारी माणसाने शब्दांचे अर्थ ओळखत बसावे, अशी अपेक्षा आपण करू नये.

गिरणगाव

रात्रपाळीच्या ताईंना नमस्कार. आमच्या चाळीतही रात्रपाळी हाच शब्द दिवसाचे वेळापत्रक ठरवत असे. माझे वडील परळच्या एका गिरणीत, मागच्या खात्यात म्हणजे विणाईत, लाइन जॉबर होते. मागांच्या रांगा त्यांच्या ताब्यात असत आणि माग बिघडला की विणकर त्यांनाच हाक मारत. चाळीत कुणी त्यांना नावाने ओळखत नसे, "लाइन जॉबरचा मुलगा" हीच माझी ओळख होती. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि ते पुन्हा त्या खात्यात गेले नाहीत. पुढे त्यांनी एका इमारतीत पहारेकऱ्याचे काम केले. तिथे कुणी हुद्दा विचारला, तर ते अजूनही "लाइन जॉबर" असेच सांगत.

खडू-फळा

मी चौतीस वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवले, त्यामुळे माझ्या तोंडी हा शब्द इंग्रजीत फारसा नसे. आमच्याकडे रेषा. पण सेमी-इंग्रजीचे वर्ग सुरू झाले आणि मुले 'लाइन' म्हणू लागली, तेव्हा एक अडचण माझ्या लक्षात आली. भूमितीतल्या रेषेला दोन्ही बाजूंनी अंत नसतो, म्हणून तिच्या दोन्ही टोकांना आपण बाण काढतो. दोन बिंदूंमध्ये संपतो तो रेषाखंड. मुलांना मात्र लाइन म्हटले की प्रार्थनेची रांग किंवा वहीतली ओळ आठवे, आणि या दोन्ही गोष्टी कुठे ना कुठे संपतातच. "अंत नसलेली लाइन कशी असेल?" असे एका मुलीने विचारले, तेव्हा मी तिला मराठीत चार वाक्ये लिहायला सांगितली, एक रेषेचे, एक ओळीचे, एक रांगेचे आणि एक सीमेचे. ती पाच मिनिटांत म्हणाली, "सर, आपल्याकडे सगळ्यांना वेगवेगळे शब्द आहेत, मग मी गोंधळले कशी?"

दुसरी गोष्ट माझ्या वडिलांची आहे. ते गवंडी होते. भिंत सरळ यावी म्हणून दोन टोकांना जी दोरी ताणून बांधतात, तिला ते लाइनदोरी म्हणत. मी पुष्कळ वर्षांनी या शब्दाची व्युत्पत्ती वाचली, ती अशी. लॅटिनमध्ये 'लिनुम' म्हणजे जवस, आणि जवसाच्या झाडाच्या तंतूंपासून केलेला दोरा तो 'लिनेआ'. त्यावरून इंग्रजी लाइन आला. म्हणजे वाटेल तिथे पसरलेला हा शब्द मुळात दोरीच आहे, आणि माझे वडील लाइनदोरी म्हणताना नकळत एकच वस्तू दोन भाषांत सांगत होते. हे त्यांना सांगायला ते तेव्हा हयात नव्हते, याची मला फार खंत आहे.

सेलूची सून

सर, जवस म्हणजे आमचीच! जवसाची चटणी आमच्या ताटात रोज असते. सासरे सांगतात की पूर्वी इकडे रब्बीत जवसाचा पेरा बराच असे आणि निळ्या फुलांनी शेत भरून जाई. पण आपल्याकडे ते पीक तेलासाठी आणि खाण्यासाठी घेतात, त्याच्या दोऱ्याचा कापड विणायला उपयोग होतो हे मला आजपर्यंत माहीत नव्हते. आता लाइनचे आणि माझे नाते दोन्हीकडून जुळले.

सातारा–कुपवाडा

मी सातारा जिल्ह्यातला, सैन्यातून निवृत्त झालो आहे. आमची लाइन नकाशावरची. १९४९ ची युद्धविराम रेषा आणि १९७२ च्या सिमला करारानंतर ठरलेली नियंत्रण रेषा यांतला फरक आम्हाला शिकवला जात असे. ती सुमारे ७४० किलोमीटर लांब आहे आणि उत्तरेला एनजे ९८४२ या बिंदूपाशी तिची आखणी थांबते. खडू-फळा सरांचे लिहिणे वाचून वाटले, की आमची ती लाइन म्हणजे रेषाखंडच. पण ती जमिनीवर उमटलेली नसते. ओढा, कडा, देवदाराची झाडे, पलीकडच्या गावातला धूर हे सगळे दिसते. रेषा तेवढी कुठेच दिसत नाही, आणि तरीही आपला पाय कुठे थांबला पाहिजे ते प्रत्येक जवानाला ठाऊक असते.

माझे मामा पोलिसांत होते आणि पोलीस लाइनीत राहत. म्हणून मी आईला पत्रात "सध्या लाइनवर आहे" असे कळवले, तेव्हा तिला वाटले की मला मामांसारखी पक्की खोली, नळ आणि शेजारपाजार मिळाला आहे. तिने गावभर तसे सांगितले. सुट्टीवर आलो तेव्हा हे माझ्या कानांवर आले आणि मी तिचा समज तसाच राहू दिला. पुढची दोन वर्षे ती शांत झोपली, याचे मला समाधान आहे. वडिलांना मात्र खरा अर्थ कळलेला होता. ते कधी काही बोलले नाहीत, पण निघताना एसटीच्या थांब्यापर्यंत ते नेहमी सोबत येत.

दर्यावर्दी

मी रत्नागिरीचा, व्यापारी जहाजावर होतो. आमच्याकडे 'लाइन ओलांडली' म्हणजे विषुववृत्त ओलांडले. पहिल्यांदा ओलांडणाऱ्याला समुद्रदेव नेपच्यूनच्या वेशातल्या जुन्या खलाशापुढे उभे करतात आणि न्हाऊ घालतात. त्या संध्याकाळी मी घरी फोन करण्याचा खूप प्रयत्न केला, पण लाइन लागली नाही. दुसरी लाइन, अर्थात.

गिरणगाव

कसाऱ्याच्या ताई, एक विचारायचे राहिले. वडिलांचा हातोडा तुम्ही जपून ठेवला आहे का? माझ्या वडिलांचा पाना माझ्याकडे आहे.

कसाऱ्याची लेक

दादा, हातोडा, पाना आणि झेंडे रेल्वेचे होते. ते त्यांनी निवृत्तीच्या दिवशी मोजून परत केले. खांद्यावरची पिशवी आईने शिवलेली होती, ती आमच्याकडे आहे. काल रात्री मी तिचे छायाचित्र नातवाला पाठवले. पट्ट्याच्या आतल्या बाजूला कापड विरून पार पातळ झाले आहे. ते कशामुळे झाले, असे त्याने विचारले. "लाइनमुळे," असे मी लिहिले, आणि या वेळी त्याने अर्थ विचारला नाही.

सेलूची सून

इथे आत्ताच वारा सुटून लाइन गेली आहे आणि हे सायकल काढून निघाले आहेत. मला अजून पुष्कळ लिहायचे आहे. लाइन आली की लिहिते.