सूप सांडत नाही हो
शहर बघत बघत जेवायच्या रेस्टॉरंट-बसचा विषय निघाला, तर चालत्या बसमध्ये सूप अंगावर सांडणारच, असं कुणीतरी लिहिलंय. नाही सांडत! पॅरिसला तसल्या काचेच्या छताच्या डबलडेकरमध्ये जेवलोय, किचन खालच्या मजल्यावर, टेबलं वर, आणि ग्लास अडकवायला स्टँड असतो त्यामुळं वाईन जागची हलत नाही. फक्त शाँझेलिझेच्या दगडी रस्त्यावर बस आली की काटेचमचे जे खुळखुळायला लागतात, विचारू नका.

आयफेल टॉवर दिसला तेव्हा आमचं लक्ष मात्र प्लेटमध्ये, एवढ्या मोठ्या प्लेटमध्ये माशाचा तुकडा दोन बोटं रुंद. चव भारी होती, खोटं कशाला बोला, पण रात्री हॉटेलवर येऊन घरनं नेलेला चिवडा काढलाच. आणि आपल्या कोल्हापुरात रंकाळा तलावाभोवती अशी बस काढा म्हणणाऱ्यांनो, तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या वाट्यांना आधी झाकणं करून घ्या, आपल्या स्पीडब्रेकरवर कसला स्टँड टिकतोय!