सगळ्यांना धरून चालणारे साहेब: तुमचे फौजेतले अनुभव

बेळगावची_लेक: ३० मे २०२५ ला एनडीएतून (सैन्यदलांचे अधिकारी घडवणारी प्रबोधिनी) पहिल्या १७ मुली बाहेर पडल्या, त्या परेडचा व्हिडिओ काल पुन्हा पाहिला आणि बाबांचे सीओ (पलटणीचे प्रमुख अधिकारी) आठवले. बाबा मराठा लाइट इन्फंट्रीत. साहेब मल्याळी ख्रिश्चन, आले तेव्हा मराठीचा गंध नव्हता. संध्याकाळी बाबांना समोर बसवून शिकायचे. पुढे दरबारात, म्हणजे साहेबांसमोरच्या सभेत, जवान घरची अडचण मराठीत मांडायचा आणि साहेब मराठीतच उत्तर द्यायचे. गणपतीच्या आरतीला तेच पुढे. बाबा म्हणायचे, जवानाचा देव तो साहेबाचा देव. तुम्हीही लिहा.

सिग्नलवाली: युनिटमध्ये मी एकटीच बाई. सीओंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, नाइट ड्यूटीच्या यादीत हिचंही नाव लागेल. मला तो मान वाटला, सवलत घेतली की मागे कुजबुज होते. १७ फेब्रुवारी २०२० ला सुप्रीम कोर्टाचा महिला अधिकाऱ्यांच्या पर्मनंट कमिशनचा (निवृत्तीपर्यंतच्या नोकरीचा) निकाल आला, पहिला फोन त्यांचाच. बाळ उठलं, नंतर येते.

कोल्हापुरी: बेळगाव म्हटलं की कुंदा!!

बेळगावची_लेक: @कोल्हापुरी हो 😄 बाबा सुट्टीवर येताना डबा भरून आणायचे.

माजी_हवालदार: आमची मिश्र पलटण. सर्वधर्मस्थळात एका छताखाली सगळे. रमजानात रोजेवाल्या पोरांची पीटी साहेबांनी पुढे ढकलली, लंगरला (स्वयंपाकघराला) सांगून पहाटे गरम जेवण. ईदला अख्खी कंपनी शेवयांना. बड्या खान्याला, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र जेवणाला, साहेब स्वतः वाढायचे.

भामरागडचा: भावाचं वेगळं झालं. घरी माडिया बोली, हिंदी कच्ची, ट्रेनिंगला पोरं हसायची. सुट्टीवर आला तर परत जाणार नाही म्हणे. मग नवीन कंपनी कमांडरने रेडिओ सेटच त्याच्या हातात दिला, बोलून बोलून येईल म्हणाले. आता तो नव्या पोरांना शिकवतो. पण आधी जे हसले त्यांना कोणी अडवलं नाही, याचा राग अजून आहे.

सिग्नलवाली: @भामरागडचा राग बरोबर आहे. भावाला सलाम सांगा.

खडकीकर: जखमींचंही लिहा कोणीतरी. १९६५ च्या लढाईत गोळ्या लागलेले मुरलीकांत पेटकर १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमधून पोहण्यात सुवर्ण घेऊन आले. माझे काका खडकीच्या पॅराप्लेजिक केंद्रात (कमरेखाली लुळे पडलेल्या जवानांसाठीचं) होते. पलटणीच्या रेझिंग डेला (स्थापना दिनाला) साहेब गाडी पाठवायचे, व्हीलचेअर पहिल्या रांगेत.

बारावीची_आई: विषय सोडून विचारते, मुलगी कॉमर्सला आहे, एनडीए देता येईल?

सिग्नलवाली: @बारावीची_आई हो! आर्मीसाठी कुठलीही शाखा चालते, फिजिक्स-मॅथ्स नेव्ही-एअरफोर्सला लागतं. पण लेखीत गणिताचा ३०० मार्कांचा पेपर सगळ्यांनाच. पळायला आजपासून लावा तिला.