ॲसेट, परवानगी आणि मुभा

रानजाई: स्कायरिम या संगणकीय खेळासाठी केलेल्या माझ्या मॉडचं (म्हणजे खेळणाऱ्याने खेळात केलेल्या बदलाच्या फाइलचं) माहितीपान मराठीत लिहिते आहे. नेक्सस मॉड्स या मॉड वाटण्याच्या संकेतस्थळावर प्रत्येक मॉडसोबत परवानग्यांचा तक्ता असतो. फाइल दुसरीकडे चढवता येईल का, तिच्यात बदल करता येईल का, दुसऱ्या खेळासाठी ती रूपांतरित करता येईल का, आणि तिच्यातले ॲसेट (मॉडेल, टेक्स्चर म्हणजे पृष्ठभागावरची चित्रं, आवाज) स्वतःच्या मॉडमध्ये वापरता येतील का. या शेवटच्या ओळीशी अडले. 'मालमत्ता वापरण्याची परवानगी' लिहिलं, तर भाऊ म्हणाला की ही सातबाऱ्याची भाषा झाली.

दौत: 'सामग्री' लिहा. मालमत्ता म्हटलं की मालकी आलीच, आणि इथे वाद मालकीचाच आहे. मूळ टेक्स्चर खेळ बनवणाऱ्या बेथेस्डा कंपनीचं, त्यावरचं रंगकाम तुमचं. मग मालमत्ता कुणाची?

बोरूबहाद्दर: 'ऐवज' का नको? भारदस्त शब्द आहे.

दौत: ऐवज आता फक्त चोरीच्या बातमीत उरलाय. 'दोन लाखांचा ऐवज लंपास.'

शुद्धमती: आधी 'परवानगी' काढा. फारसी आहे. 'अनुमती' हा स्वच्छ शब्द असताना उसनवारी कशाला?

रानजाई: उसनवारीचाच तर विषय आहे, ताई. आणि 'अनुमती' वाचून कुणी मला विचारायला येणार नाही. ती राज्यपालांकडून मिळते.

कौलारू: माझ्या मते गोंधळ ॲसेटपेक्षा परवानगीत जास्त आहे. त्या तक्त्यात एक पर्याय असतो: श्रेय द्या आणि न विचारता वापरा. ही परवानगी नव्हे, ही मुभा. दुसरा पर्याय: आधी मला विचारा. ही परवानगी. मुभा सगळ्यांना एकदम मिळते, परवानगी मागणाऱ्याला. दोन्हींना एकच शब्द लावला तर नवखा माणूस हमखास चुकतो.

शुद्धमती: मुभा तर अरबी!

कौलारू: असू द्या. अर्थ चोख आहे.

बोरूबहाद्दर: श्रेय दिलं की झालं, असं मलाही वाटतं. जुन्या संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याचे शब्द देत. कोण विचारायला जात होतं?

दौत: ती ओळ गाणाऱ्याला चाल कळावी म्हणून असे. मूळ चाल कुणी बांधली, याचा तिच्यात पत्ता नसतो. याला श्रेय म्हणू नका. शिवाय पैसे आले की नुसत्या श्रेयाने भागत नाही. एप्रिल 2015 मध्ये स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात स्कायरिमचे मॉड विकायला सुरुवात झाली. मासेमारीचा एक मॉड लगेच अडला, कारण तो दुसऱ्याने मोफत दिलेल्या ॲनिमेशनच्या साधनावर उभा होता आणि त्या दुसऱ्याची विक्रीला हरकत होती. मॉड करणाऱ्याचा वाटा 25 टक्केच होता. काही दिवसांत सगळी योजनाच गुंडाळली गेली.

रानजाई: म्हणूनच विकल्या जाणाऱ्या मॉडसाठी तक्त्यात वेगळी ओळ आहे. माझं उत्तर तिथे ठाम 'नाही' आहे.

कौलारू: आणि एकदा दिलेली मुभा मागे घेता येते का? 2021 मध्ये नेक्ससने फाइल कायमची पुसण्याची सोय काढली. आता फाइल फक्त संग्रहात हलवता येते. तेव्हा कित्येक जण चिडून सोडून गेले. माझ्या मते ते बरोबर होते. घडवणाऱ्याला आपलं काम परत नेता आलं पाहिजे.

दौत: अजिबात पटत नाही. तुमच्या फाइलवर दहा जणांनी आपलं काम रचलेलं असतं, त्यांचं काय?

शुद्धमती: एक विचारू? सगळे 'तो मॉड' लिहिताय. आमच्या गटात 'ती मॉड' म्हणतात.

बोरूबहाद्दर: 'ते मॉड'. नपुंसकलिंगीच आहे. 'कोड'सारखा चालवू नका.

दौत: कोड पुल्लिंगी कधीपासून? मी 'ते कोड' ऐकलंय, पण ते अंगावरचं.